एक जुलैची माणसं

फोर्ट्रान नावाच्या भाषेत मी लिहिलेला पहिला शब्द 'झिंदाबाद' होता. तो एकदा सुरू झाला आणि थांबेना.

यात माझा दोष थोडा, संगोपनाचा जास्त. मलकापुरात आमचा छापखाना होता. वडील सकाळी संयुक्त महाराष्ट्राचं पत्रक छापत आणि दुपारी वेगळ्या विदर्भाचं; कागदाचा रंग तेवढा बदलत. मी अक्षरं शिकले ती शिशाच्या खिळ्यांवरून, उलटी. 'बंधूंनो, भगिनींनो, जागे व्हा' हे मला शाळेतल्या पहिल्या धड्याआधी वाचता येत होतं. अशा घरात वाढलेल्या मुलीला नागपूरच्या वर्गात सांगितलं की, "मशीनकडून तुम्हाला वाटेल तो शब्द दहा वेळा छापून घ्या," तर ती दुसरं काय छापणार?

प्रोग्राम म्हणजे काय ते इथेच सांगून टाकते, कारण दिवाळी अंकाच्या वाचकाला उगाच घाबरवणं मला पटत नाही. वडिलांकडे एक कंपोझिटर होता. लेखकाने समासात 'इथे जरा बघून घ्या' असं लिहिलं, तर तो तेही मजकुरात छापायचा. हुशार होता, हात वेगवान होता, फक्त स्वतःहून काही समजून घ्यायचं नाही अशी त्याची शपथ होती. कॉम्प्युटर म्हणजे तोच कंपोझिटर, वेगाने लाखपट. त्याला एकेक आज्ञा लिहून द्यायची. एक आज्ञा म्हणजे एक कार्ड, पोस्टकार्डापेक्षा लांबट, आणि अक्षरांच्या जागी त्यात भोकं. कार्डांचा गठ्ठा यंत्राच्या तोंडात घातला की दुसऱ्या बाजूने छापील कागद बाहेर येतो. भाषेत शब्द जेमतेम तीसेक. वाच, लिही, असं असेल तर तसं कर, अमुक ओळीवर जा, थांब.

माझ्या पहिल्या कार्डावर होतं, झिंदाबाद लिही. दुसऱ्यावर, पहिल्या ओळीवर जा. दहा झाले की थांब, हे सांगणारं कार्ड लिहायचं मी विसरले. घोषणा थांबवायची असते हे आमच्या घरात कुणी शिकवलंच नव्हतं. कागदाची घडी उलगडत उलगडत जमिनीवर आली. तिथला ऑपरेटर, पक्का नागपुरी माणूस, कमरेवर हात ठेवून बघत होता.

"मॅडम, तुमचा मोर्चा कचेरीच्या पुढे निघून गेला ना. थांबवू का जाऊ देऊ?"

मी म्हटलं, "मागण्या मान्य झाल्या असतील तर थांबवा."

तो कागद अजून माझ्याकडे आहे. चाळीस पानं झिंदाबाद. कुणाचा, ते लिहिलेलं नाही.

मी नागपूरला गेले कशी, तर आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे भाऊसाहेबांना, कुठल्याशा समारंभात दुसऱ्या संस्थेचा अध्यक्ष भेटला आणि म्हणाला, आमचं सगळं आता कॉम्प्युटरवर. भाऊसाहेबांना झोप लागेना. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथली मंडळी अजून नोकरीत आहेत आणि मीही आहे. मुख्य कचेरी मलकापूरला, शाळा जिल्हाभर. वडनेर भोलजीला, रोहिणखेडला, पार खाली मेहकरकडे जानेफळला. मी कचेरीतली सगळ्यात नवी कारकून, गणितात पदवी घेतलेली. भर मे महिन्यात नागपूरला जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. नागपूरला मावशी होती. एवढ्या गुणवत्तेवर माझी निवड झाली.

परत आल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "मंग? आता काय टाकतं मशीनमधी?"

मी म्हटलं, "बदल्या."

आता बदल्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळांत एक शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी होती. एस.टी. शेवटी जिथे सोडायची तिथून दोन कोस पायी. कचेरीत त्या गावाचं नाव घेत नसत, 'काळं पाणी' म्हणत. तिथे पाठवलेला माणूस परत येत नसे, कारण परत आणायचं कुणाला हे दर जूनमध्ये भाऊसाहेब आपल्या बैठकीत, पान लावता लावता, ठरवायचे. आणि ज्याच्यासाठी कुणी शब्द टाकायचा तोच त्यांच्या लक्षात राहायचा.

खोडके गुरुजींसाठी शब्द टाकणारं कुणी नव्हतं. नऊ वर्षं ते काळ्या पाण्यावर होते. बायको जानेफळच्या दवाखान्यात नर्स, मुलगी तिच्याजवळ. जिल्ह्याचं एक टोक हे, दुसरं ते. दर वर्षी अर्ज द्यायला ते स्वतः यायचे, पायातल्या वहाणा दाराबाहेर काढून.

"दर वर्षी तेच लिहिता गुरुजी?" मी त्या वर्षी विचारलं.

"हाव बाई. आता हाताले सवय झाली. दिवाईले घरी गेलो तं पोरगी दारातूनच ओरडली, 'माय, पाव्हणे आले वो!' मंग मले पाणी आणून देल्लं. वळण चांगलं हाय पोरीले." असं म्हणून ते हसले. मला हसता आलं नाही. त्याच टेबलाशी बसून मी ठरवलं की हा माणूस यंदा जानेफळला जाईल, आणि कुणाच्या मेहेरबानीने नाही, नियमाने जाईल.

मी नियम लिहिले. कठीण गावात ज्याने सर्वांत जास्त वर्षं काढली त्याला त्याने मागितलेलं गाव आधी मिळेल. त्याच्या रिकाम्या जागेवर शहरात सर्वांत जास्त वर्षं बसलेला जाईल. वर्षं सारखी निघाली तर वयाने मोठ्याचा मान राखून लहान जाईल. भाऊसाहेबांनी कार्यकारिणीत हे नियम एका दमात मंजूर करून घेतले, कारण माझ्या टिपणाच्या वर 'कॉम्प्युटरसाठी' असं लिहिलेलं होतं. सभेत ते उठून म्हणाले, "मशीन म्हणन ते आपल्याले मान्य. मशीनले ना जात ना पाहुणा." टाळ्या पडल्या. कचेरीत मुख्य कारकून वानखडे तेवढे चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

त्यांना जे दिसलं होतं ते भाऊसाहेबांना दिसलं नव्हतं. मलकापुरात सर्वांत जास्त वर्षं बसलेल्यांत भाऊसाहेबांचे जावई रमेशराव होते. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सासऱ्यांच्या घरी राहायचे.

भाऊसाहेबांना दिसण्याआधी मी ते नियम वडिलांच्या छापखान्यात गुलाबी कागदावर छापून, प्रत्येक शिक्षकाने भरायच्या अर्जासकट, सगळ्या शाळांत पाठवूनही दिले. खाली ठळक टाइपात अध्यक्षांची सही. छापलेली गोष्ट परत घेता येत नाही, हे पत्रकांवर वाढलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

मग प्रोग्रामचं काम. इथे माझी तत्त्वं आडवी आली.

यंत्राला माणसं नावाने ओळखायला सांगणं धोक्याचं. एकाच आडनावाचे चौदा पाटील होते. प्रत्येकाला एक क्रमांक द्यायला हवा. वानखडे म्हणाले, "सोपं हाय. रजिस्टरप्रमाणं एक, दोन, तीन." रजिस्टरात पहिलं नाव रमेशरावांचं होतं आणि दोनशे चौदावं खोडक्यांचं. मी भडकले. "माणसांची उतरंड लावायची नाही मला. कुणी कुणाला दिलेला नंबर नको. जन्मतारीख घेऊ. ती कुणाच्या मर्जीवर नसते."

वानखड्यांनी चष्मा नाकावर सारखा केला. मग "बरं" म्हणाले आणि दोनशे चौदा अर्जांवरून तारखा उतरवायला बसले. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. ते कागद नागपूरला गेले आणि तिथल्या मुलींनी कार्डांवर भोकं पाडली. मी एकही तारीख वाचली नाही. मी त्या आठवड्यात 'यंत्र आणि समता' या विषयावरचं भाषण तयार करत होते.

आणखी एक शहाणपण मी केलं होतं. आमचे शिक्षक अर्ज पाठवून चार दिवस झाले की काळजीने दुसरा पाठवायचे, 'पहिला रद्द समजावा.' म्हणून प्रोग्राममध्ये मी लिहिलं: तोच क्रमांक पुन्हा आला तर माणूस तोच आहे, आधीचं कार्ड विसर, नंतरचं धर. प्रोग्राम आधी तपासलाही. पाच काल्पनिक शिक्षक बनवले, त्यांना पाच सुंदर जन्मतारखा दिल्या. कुणी मार्चमधला, कुणी ऐन नोव्हेंबरातला. पाचही जण जिथे जायचे तिथे बरोबर गेले.

जूनमधला तो शनिवार. नागपूरच्या यंत्रावर आम्हाला एकच वेळ मिळाली होती, पुढची पंधरा दिवसांनी. सोमवारी मलकापूरला सगळ्या शिक्षकांचा मेळावा होता आणि तिथे यादी वाचायची होती. दोनशे चौदा कार्डं यंत्राने खळखळ गिळली. यादी बाहेर आली. मी नावं मोजली. सत्तावन्न.

"कागद अडकला का?" मी विचारलं.

ऑपरेटरने यंत्राकडे पाहिलं, मग कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन पत्त्यांसारखा पिसला. "मॅडम, तुमच्याकडं सगळी माणसं एकाच दिवशी जन्मली का हो? शून्य एक शून्य सात, शून्य एक शून्य सात... एक जुलै, एक जुलै. मोठा धामधुमीचा दिवस गेला असन तुमच्या जिल्ह्यात."

मी त्याच्या हातातून गठ्ठा घेतला आणि स्वतः चाळला. आणि मग आठवलं, जे मला सोडून सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक होतं. खेड्यात पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवतं? बाप पोराचा हात धरून शाळेत येतो, शाळा जुलैत उघडलेली असते, मास्तर पोराकडे बघतो, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का पाहतो, आणि रजिस्टरात लिहितो, एक जुलै. माझी तारीख खरी होती, कारण माझ्या बापाचा छापखाना होता. बारशाची पत्रिका त्याने स्वतः छापली होती. कुणाच्या मर्जीवर नसलेली म्हणून मी जी एकमेव गोष्ट निवडली, ती मास्तरांनी सरसकट वाटलेली होती. आणि यंत्राने माझंच ऐकून एकेका वर्षीच्या एक जुलैच्या सगळ्या माणसांचा एकच माणूस केला होता.

रविवारी सकाळी मी वानखड्यांच्या घरी गेले. ते अंगणात दाढी करत होते.

"तुम्ही तारखा उतरवल्या. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना."

"मग बोलला का नाहीत?"

"मले वाटलं तुमाले ठाऊक असन. तुमी नागपूरले शिकून आल्या." त्यांनी शांतपणे वस्तरा पुसला. "अन माईबी एक जुलैच हाय."

भाऊसाहेबांसमोर मी यादी ठेवली आणि चूक माझी आहे हे सांगितलं. चूक लपवणाऱ्यांविरुद्ध इतकी पत्रकं मी लिहिली होती की दुसरा मार्गच उरला नव्हता. त्यांनी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली.

"आमचे रमेशराव कुठं गेले?"

"आहेत," मी म्हटलं, "खोडके गुरुजींच्या आत."

"काय?"

"दोघांची तारीख एक. वर्षही एक. खोडक्यांचा अर्ज शेवटी आला, त्यामुळे यंत्राने त्यांचं कार्ड ठेवलं. त्यांच्यात आणखी सहा जण आहेत."

भाऊसाहेबांना आधी राग आला, मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर मला न आवडणारं समाधान पसरलं. "म्हंजे मशीन फेल. मंग आता बदल्या जुन्या पद्धतीनं. जानेफळची जागा तं मी एकाले बोलूनबी बसलो व्हतो."

दाराशी वहाणा काढून ठेवलेले खोडके गुरुजी मला दिसायला लागले. उद्या यादी वाचली जाईल, ते हात जोडून उठतील, एस.टी. पकडतील, आणि पुढच्या दिवाळीत मुलगी पुन्हा पाणी आणून देईल. आणि या वर्षी ते माझ्यामुळे होईल.

"मशीन फेल नाही," मी म्हटलं. "मी फेल. नियम पास झालेले आहेत, छापलेले आहेत, खाली तुमची सही आहे. यंत्र फक्त ते नियम पटकन वाचणार होतं. उद्या आपण ते सावकाश वाचू. तुमच्याच अध्यक्षतेखाली. दोनशे चौदा माणसं समोर असताना कार्डं कशाला लागतात?"

ते 'नाही' म्हणाले असते. पण गुलाबी कागद सगळ्या शाळांत भिंतीवर लागलेले होते.

सोमवारी सकाळी ऊन चढायच्या आत, शाळेच्या मैदानावर फक्कीची एक लांब रेघ ओढली. आजवर मी चालवलेला सर्वांत मोठा प्रोग्राम तो. यंत्राचं नाव मलकापूर हायस्कूलचं मैदान, भाषा मराठी. मी खुर्चीवर उभी राहिले आणि आज्ञा वाचल्या.

"कठीण गावात पाच वर्षांहून जास्त झालेले सगळे रेघेवर या. आता आपल्या डाव्या हाताच्या माणसाला विचारा, तुमची किती वर्षं. तुमची जास्त असतील तर त्याच्या जागी तुम्ही जा. कुणीच हलेनासं झालं की थांबायचं." या वेळी थांबायचं मी विसरले नव्हते.

एकोणीस माणसं रेघेवर आली आणि गलका सुरू झाला.

"किती बे तुये?"

"सात."

"माये आठ. सरक."

"काऊन सरकू? दीड वर्ष तं तू आजारपणाच्या रजेवर व्हता!"

"थे धरत नाही."

"धरते!" मैदानातून पन्नास आवाज एकदम. "आमी पायलं तुले, लोणारच्या जत्रेत पेढे खाऊन राह्यला व्हता!"

तो माणूस मुकाट्याने मागे सरकला. इथे माझा यंत्रावरचा विश्वास थोडा हलला, खरं सांगते. यंत्राने कार्डावरची आठ वर्षं आठच धरली असती. मैदानाला लोणारची जत्रा ठाऊक होती.

रेघ हळूहळू शांत झाली. डाव्या टोकाला खोडके गुरुजी उभे होते, नऊ वर्षं. त्यांना ते खरं वाटेना. ते मागे वळून आणखी कुणी येतंय का बघत होते.

"कोणतं गाव, गुरुजी?"

"मले?" ते म्हणाले. "जानेफळ. पण दुसऱ्या कुणाले पाह्यजे असन तं..."

"ओ गुरुजी, चूप बसा ना आता!" सगळं मैदान ओरडलं.

वानखड्यांनी मोत्यासारख्या अक्षरात ते लिहिलं. भाऊसाहेबांनी सही केली. पेन कागदावर जरा जास्त दाबलं गेलं.

बाकीच्यांची पाळी नंतर. आधी काळ्या पाण्यावरची रिकामी जागा. मलकापूरची मंडळी रेघेवर आली. इथे कुणालाच डावीकडे जायचं नव्हतं. ज्याची वर्षं जास्त तोच पुढच्याला आग्रह करत होता. शेवटी टोकाला दोघे उरले. रमेशराव आणि इतिहासाचे एक सर, दोघांची अकरा वर्षं. तिसरा नियम, लहान असेल तो जाईल. मी तारखा विचारल्या.

"एक जुलै," इतिहासाचे सर म्हणाले. वर्ष सांगितलं.

"एक जुलै," रमेशराव म्हणाले. वर्ष तेच.

मैदान हसून हसून वाकलं. माझ्याजवळ चौथा नियम नव्हता. भाऊसाहेब खुर्चीत मागे टेकले. "बोला सुमनबाई. आता काय म्हणते तुमचं मशीन?"

यंत्र असतं तर ते या ठिकाणी गोल गोल फिरत राहिलं असतं. मी गुलाबी पत्रक उलटून मागे काही छापलंय का ते पाहिलं. आणि मग रमेशराव, जे कचेरीत आले की भिंतीकडे बघून बोलायचे, ते दोन पावलं पुढे आले.

"मी जातो."

"तुमाले कोणी विचारलं?" भाऊसाहेब.

"कोणीच नाई विचारलं मामाजी. अकरा वर्षांत नाई." आवाज बारीक होता, पण मैदानाच्या टोकापर्यंत पोचला. "सकाळी तुमच्या संगं चहा, संध्याकाळी तुमच्या संगं जेवण. मले डोंगर काढाची लय हौस हाय. इथून डोंगर दिसत नाई."

"अन आमची सुनंदा? थे जाईन का त्या रानात?"

"तिले रात्रीच विचारलं. ते म्हणते, उद्या निघू."

हसावं की नाही हे कुणालाच कळेना. पहिल्यांदा वानखडे हसले. मग बाकीचे. भाऊसाहेब बराच वेळ जावयाकडे बघत राहिले, जणू रजिस्टरातलं पहिलं नाव त्यांनी आज प्रथमच वाचलं. मग त्यांनी सही केली. या वेळी दाबून नाही.

मला त्या दिवशी अभिमान वाटला होता आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. पण एक गोष्ट सलते. रमेशरावांना मी सापळ्यातली शिकार म्हणून मोजलं होतं. गुलाबी पत्रक छापलं ते त्यांना नजरेसमोर ठेवून. अर्जात मी अठरा रकाने आखले होते: नाव, गाव, तारीख, किती वर्षं, किती कोस. तुम्हाला काय हवं आहे, हा रकाना फक्त कठीण गावात राहणाऱ्यांसाठी होता. शहरात बसलेल्याला आणखी काय हवं असणार, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं, भाऊसाहेब पान लावताना ठरवायचे तसंच.

पुढच्या वर्षी मी प्रोग्राम दुरुस्त केला. माणसांना एक, दोन, तीन असे साधे क्रमांक दिले, फक्त रजिस्टर शेवटच्या पानापासून उलटं वाचत. छापखान्यातल्या मुलीला उलटं वाचायची सवय असते. सगळ्यांच्या अर्जात एकोणिसावा रकाना घातला, 'आपले काही म्हणणे.' तो यंत्राला वाचता येत नाही, त्याची कार्डावर भोकं पडत नाहीत. तो मी वाचते, दर मे महिन्यात, दोनशेहून जास्त वेळा.

रमेशराव त्यात दर वर्षी लिहितात, 'आहे तिथेच ठेवावे.' सोबत कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला एक डोंगर असतो.

खोडके गुरुजींनी पहिल्या वर्षी तो रकाना कोरा सोडला होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी लिहिलं, 'मुलगी आता माझे अजिबात ऐकत नाही. बाकी सर्व ठीक.'